उंबऱ्याबाहेरून लिहिलेला पंचनामा

अक्षर चांगलं असणं ही पोलीस खात्यात शिक्षा असते. भरती झाल्यावर पहिल्याच महिन्यात साहेबांनी माझा रजेचा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे तूच लिहिलंस का रे?" मी छाती फुगवून हो म्हणालो. रजा मिळाली नाहीच, वर त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत माझ्या हातात काठी कमी आणि पेन जास्त राहिलं. बाकीचे शिपाई चोर पकडायचे, मी चोर कसा पकडला ते लिहायचो. खात्यात अशा माणसाला रायटर म्हणतात. उमापूरकडे, केजकडे, शेवटी चौसाळ्याच्या बाजूला, बदली कुठेही होवो, माझ्याआधी माझ्या अक्षराची कीर्ती पोचलेली असायची. पुढे जमादार झालो, तरी लिहिणं काही सुटलं नाही.

लिहायचं काय, तर मुख्यतः पंचनामे. बाहेरच्या माणसाला हा शब्द पेपरातून माहीत असतो, पण त्यातली गोम माहीत नसते. गुन्हा घडला त्या जागी पोलिसांनी जायचं, आणि सोबत त्या भानगडीशी काही संबंध नसलेली दोन माणसं न्यायची. हे पंच. पोलीस जे पाहतील ते त्यांनीही डोळ्यांनी पाहायचं आणि खाली सही करायची. दोन-चार वर्षांनी खटला उभा राहतो, तोवर रक्त धुतलं गेलेलं असतं, भिंत पडलेली असते, साक्षीदारांना निम्मं आठवत नसतं. उरतो फक्त हा कागद. कोर्ट त्या कागदातून घर बघतं. कागदात खिडकी नसेल, तर त्या घराला खिडकी नाही.

पंच मिळवणं हे पंचनामा लिहिण्यापेक्षा अवघड. आमची जीप दिसली की भरल्या पारावरची माणसं शेताकडे वळतात. म्हणून बहुतेक ठाण्यांच्या आसपास एखादा कायमचा पंच असतो. आमचा रशीदभाई. ठाण्यासमोर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हाक मारली की हात पुसत यायचा, चहा प्यायचा, सही करायचा. बऱ्याचदा पंचनाम्याची जागा आणि चहाची जागा एकच असायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. एकदा कोर्टात वकिलांनी त्याला खोचून विचारलं, "आजवर किती पंचनाम्यांवर सह्या केल्या, रशीदभाई?" तो म्हणाला, "साहेब, पंक्चर काढले तेवढ्या न्हाईत." कोर्ट हसलं. आरोपी मात्र सुटला.

पण मी सगळाच चहाच्या टपरीवरचा लेखक नव्हतो. केजकडे एका शेतात खून झाला होता. तिथे बांधावरच्या बाभळीची एक फांदी माणसाच्या उंचीवर ताजी मोडलेली होती. साहेब म्हणाले, "झाडाचं काय लिहीत बसलास?" तरी मी लिहिली. आरोपीच्या पाठीवर काटे ओढल्याच्या जखमा निघाल्या आणि त्या एका ओळीवर त्याला जन्मठेप झाली. निकालपत्रात न्यायाधीशांनी पंचनाम्याचं कौतुक केलं. त्या पानाची झेरॉक्स मी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. बायको म्हणते, आपल्या लग्नाची पत्रिका तरी एवढी जपली असती.

तर असा मी. आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतला न विसरता येणारा प्रसंग लिहा" म्हटल्यावर खरं तर ही बाभळीचीच गोष्ट लिहायची. ती मी शंभर वेळा सांगितली आहे. जी एकदाही सांगितली नाही, ती कौसाबाईची.

कौसाबाई दुपारी आली, चौसाळ्याहून वडापच्या जीपमध्ये बसून, एकटी. पन्नाशीची विधवा बाई. उजवा हात पदरात गुंडाळलेला. तिने पदर सोडला तेव्हा समोरच्या शिपायाने मान वळवली. पंजा सुजून दुप्पट झालेला, तळव्यावर फोड, फुटलेल्या फोडांतून पाणी वाहत होतं, आणि मधे काळा डाग. बिब्बा उतला होता. बिब्बा ठाऊक नसलेला माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. काळी बी, आत जळजळीत तेल. परीट पूर्वी त्याने कपड्यांवर खुणा करायचे. ती खूण चुन्याशी मिसळली की कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. कातडीवर लागला तर माणूस आठवडाभर तळमळतो.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"पाच पंचानं. न्यायनिवाडा केला माझा."

तिच्या गावातला गुलाबराव हा मोठा बागायतदार, देवस्थानचा अध्यक्ष, पुढाऱ्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणारा माणूस. (गावाचं नाव मी सांगणार नाही आणि माणसांचीही नावं बदलली आहेत.) त्याच्या सुनेच्या दंडावर काळ्या फुल्या उठल्या. आमच्या भागात असं झालं की भानामती म्हणतात. म्हणजे कुणीतरी करणी केली. देवऋषी आणला, त्याने डोळे मिटून नाव घेतलं ते कौसाबाईचं.

"कावून तुमचंच?" मीही तिच्याच बोलीवर आलो.

"रस्त्याच्या कडंचे सहा गुंठे माझेच हायेत म्हून," ती म्हणाली.

एवढं सरळ उत्तर मला पुढच्या सगळ्या खटल्यात कुणी दिलं नाही. रस्ता चौपदरी झाला होता आणि कौसाबाईचा तुकडा बरोबर फाट्यावर आला होता. गुलाबरावाने दोनदा मागितला, तिने दोनदा नाही म्हटलं. मग फुल्या उठल्या.

निवाडा करायला पाच जण बसले. त्यातला एक खुद्द गुलाबराव. फिर्यादी तोच, पंचही तोच. बाकीच्या चौघांना तो त्या जागेवर बांधायच्या दुकानांत एकेक गाळा देणार होता, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पाचही जण तिच्या घरात शिरले, दार लोटून घेतलं. गुलाबराव म्हणाला, निर्दोष माणसाच्या हाताला बिब्बा उतत नाही, पापी हात उततो. आधी त्याने स्वतःच्या तळव्यावर बिब्बा चोळून दाखवला. काही झालं नाही.

"त्याचा हात चकाकत हुता, साहेब. तेल चोपडून आलता," कौसाबाई म्हणाली. "मग माझा हात धरला. मी लई वडलं. न्हाई सोडला."

तिचा हात उतला. पाप सिद्ध झालं. दंड म्हणून सहा गुंठे देवस्थानला द्यायचे आणि गाव सोडायचं. माझ्या नोकरीत मी बरेच निकाल ऐकले, पण इतका बिनचूक आधीच ठरलेला निकाल दुसरा नाही.

जादूटोण्याविरुद्धचा कायदा तेव्हा नवा होता. त्याच्या प्रचारासाठी आमच्या ठाण्याने शाळांमधून कार्यक्रम केले होते, आणि लिंबातून रक्त काढून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. सुरीला आधीच एक औषध लावून ठेवायचं, लिंबू कापलं की लाल रस. मग मी पोरांना म्हणायचो, "बघा, यात मंत्र नाही, तंत्र नाही. भिऊ नका!" पोरं टाळ्या वाजवायची.

पाचही जणांना अटक झाली. अटकेच्या फॉर्मवर ओळखीची खूण लिहावी लागते. गुलाबरावाची मीच लिहिली, माझ्या सुंदर अक्षरात: उजव्या हाताचे मधले बोट अर्धे, कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटलेले. पुढे जामिनावर सगळे सुटले.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाचा पंचनामा. मी रशीदभाईला हाक मारणार होतो, पण साहेब म्हणाले, कायदा नवा आहे, वकील कायमच्या पंचावर तुटून पडतील, गावातले प्रतिष्ठित दोघे घे. आम्ही गावात पोचलो तोच साहेबांना बंदोबस्ताचा फोन आला. "तू उरकून घे," म्हणून ते जीप घेऊन गेले. मी दत्ता नावाच्या किराणा दुकानदाराला आणि त्याच्या चुलतभावाला पंच म्हणून घेतलं.

कौसाबाईचं घर म्हणजे एक खोली. दगडमातीच्या भिंती, आतून-बाहेरून चुना दिलेला, वर पत्रे. दत्ता दारापासून दहा पावलांवर थांबला.

"चला की," मी म्हणालो.

"जमादार, आमी लेकराबाळाचे हाओत. आत न्हाई यायचो."

मी त्याला फैलावर घेतलं. सुशिक्षित माणूस ना तुम्ही, कायदा काय म्हणतो, शाळेत केलेलं सगळं भाषण त्याला ऐकवलं. तो जागचा हलला नाही. मग मी एकटाच दारापर्यंत गेलो.

उंबऱ्यावर कुणीतरी कापलेलं लिंबू टाकलं होतं. कुंकू लावलेलं, सुकत आलेलं.

माझी मुलगी सुनंदा तेव्हा बाळंतपणासाठी घरी आली होती. आठवा महिना होता. सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "आज वाईटसाईट जागी पाऊल टाकू नका हो." मी हसलो होतो. आता त्या लिंबाकडे पाहत उभा राहिलो आणि माझा पाय उचलेना. मला त्या बाईचा काही संशय नव्हता, ती निर्दोष आहे हे पक्कं माहीत होतं. करणी, भानामती सगळं थोतांड आहे हेही माहीत होतं. तरी पाय उचलेना. भीती होती, दुसरं काही नाही.

कौसाबाई आत होती. "या की आत," ती म्हणाली. "भितीला बघा काय हाय ते."

बाहेरच्या उन्हातून आत भिंत कुठली, सगळा अंधार दिसत होता. "दिसतंय मला इथनं," मी म्हणालो.

आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरलो.

समाजमंदिराच्या ओट्यावर बसून मी पंचनामा लिहिला. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस कडुनिंबाचे झाड, दक्षिणेस मोकळी जागा. चतुःसीमा बिनचूक. मग हात सवयीने पुढे गेला: "पंचांसमक्ष घरात प्रवेश करून पाहणी केली असता गुन्ह्याच्या दृष्टीने काही एक मिळून आले नाही." हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं असेल देव जाणे. पंचांनी सह्या केल्या. सुनंदाला महिन्याभराने मुलगी झाली, दोघी सुखरूप. पाळण्यात ती पोर पाहिली तेव्हा माझ्या मनात आलं, बरं झालं मी आत गेलो नाही. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. कौसाबाई साक्षीला उभी राहिली. हात बरा झाला होता, पण दोन बोटं वळत नव्हती. आरोपींचं म्हणणं असं की आम्ही तिच्या घरात गेलोच नाही, तिने स्वतःच हात भाजून घेतला.

"ते आलते," ती न्यायाधीशांना म्हणाली. "भितीवर हात उठलेत. अजूनबी हायेत."

बचावाचे वकील याचीच वाट पाहत होते. त्यांनी माझा पंचनामा उचलला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. काही एक मिळून आले नाही. "म्हणजे दुसऱ्या दिवशी भिंतीवर काही नव्हतं," ते म्हणाले. "नंतर तुम्हीच केलं असेल." कौसाबाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर बसलेलो होतो, साक्षीची वाट पाहत.

मग दत्ता आला. पंच फितूर होणं आम्हाला नवं नाही. पढवलेला असतो, कुणाच्या तरी गाडीतून आलेला असतो, "मला काही माहीत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली" म्हणतो आणि जातो. दत्ताही गुलाबरावाच्याच गाडीतून आला होता. पण तो म्हणाला, "आमी आत गेलतोच न्हाई. जमादारबी न्हाई गेलते. दारातनंच परतले."

विकला गेलेला साक्षीदार, आणि शब्दन् शब्द खरं बोलला.

त्यानंतर मी. शपथ घेतली. "आपण घरात गेला होतात?" वकिलांनी विचारलं. खरं सांगायची ती वेळ होती. आत गेलो नाही, भिंत पाहिली नाही, म्हणून ते वाक्य धरू नका, असं म्हटलं असतं तर निदान कौसाबाई खोटी ठरली नसती. मी म्हणालो, "हो, गेलो होतो."

"चूल कोणत्या हाताला होती?"

"उजव्या."

वकील हसले. चूल घरात नव्हतीच, बाहेर होती, मागच्या अंगाला, पत्र्याच्या आडोशाला. मी घराच्या मागेही गेलो नव्हतो.

पाचही जण सुटले. पंचनामा विश्वासार्ह नाही आणि कौसाबाईच्या शब्दाला दुसरा आधार नाही, असं निकालपत्रात होतं. त्या पानाची झेरॉक्स मी काढली नाही. अपील करावं असा कागद वर गेला, तो "योग्य प्रकरण नाही" म्हणून परत आला. कोर्टाबाहेर कडुनिंबाच्या झाडाखाली कौसाबाई एसटीची वेळ होईपर्यंत बसली होती. मी नजर चुकवून जात होतो. तिने हाक मारली.

"साहेब, तुमालाबी भ्या वाटलं व्हय?"

आवाजात राग नव्हता, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी तसाच पुढे चालत राहिलो. त्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन भिंत पाहता आली असती. तेही केलं नाही. पाहिली असती तर स्वतःला खोटं म्हणावं लागलं असतं, आणि नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती.

निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणांत माझ्या अक्षराचा उल्लेख झाला. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी रशीदभाईच्या दुकानात बसलो होतो. तो बोलता बोलता म्हणाला, "त्या गावाला गाडी सुरू करायला गेलतो. ती बाई भेटली. विचारत हुती, ते जमादार हायेत का अजून? म्हणली, त्यांना सांगा, भित तशीच हाय."

"तू मला आज सांगतोयस?"

"चार दिस झाले. तुमी भडकाल म्हून न्हाई सांगितलं."

मी त्याच्या मागे मोटारसायकलवर बसलो. फाट्यावर पाच गाळे उभे होते, ओळीने, निळ्या शटरचे. कागदोपत्री कौसाबाईने ते सहा गुंठे देवस्थानला आपणहून दिले आहेत. चार गाळे त्या चौघांचे. पाचवा दत्ताचा, त्यात किराणा.

गाव मात्र तिने सोडलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ती दिवाळीसाठी घराला चुना देत होती, डाव्या हाताने. आम्हाला पाहून तिने कुंचला बादलीत ठेवला आणि दारातून बाजूला झाली. मी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. लागली फक्त दोन पावलं.

तीन भिंती पांढऱ्या शुभ्र. चौथीवर, मधोमध, चार हात लांबीरुंदीचा तुकडा जुना, पिवळट, चुना न दिलेला. त्यावर दोन पंजे. काळेभोर, कालच उठल्यासारखे. चुन्यावर पडलेला बिब्बा जात नाही. एक पंजा लहान, खाली ओढत गेलेला, बोटांच्या रेघा जमिनीकडे लांबलेल्या. दुसरा मोठा, खांद्याच्या उंचीवर, भिंतीला जोर देऊन टेकलेला. त्याचं मधलं बोट अर्धं होतं. आणि त्या मोठ्या पंजाभोवती, फक्त त्याच्याभोवती, तेल उतरल्याचं कडं होतं.

कोण आलं होतं, कसा हात धरला होता, कुणी तेल लावलं होतं, सगळं भिंतीवर होतं. ओळखीची खूण तर मीच लिहून ठेवलेली. बाभळीची फांदी पाहणारा माणूस दोन पावलं आत आला असता, तर ते पाच गाळे आज उभे नसते. मला रडू आलं. रशीदभाई भिंतीकडेच पाहत राहिला.

मग मला जे येतं ते मी केलं. पिशवीत डायरी होती, तिच्यातले कागद काढले आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून लिहायला बसलो. पंजांची उंची वितीने मोजली. बोटांची लांबी लिहिली. तेलाच्या कड्याची रुंदी लिहिली. चुना न दिलेला भाग किती, तेही लिहिलं. चूल घराबाहेर, मागील बाजूस, हेही. खाली रशीदभाईने सही केली आणि पेन परत देताना म्हणाला, "एवढ्या वर्षात पैल्यांदा बघून सही केली, साहेब." दुसऱ्या पंचासाठी मी बाहेर जाऊन दोघा-तिघांना हाक मारली. कुणी आलं नाही. ती जागा कोरी राहिली.

कौसाबाई दाराशी उभी राहून सगळं पाहत होती. "झालं लिवून?" तिने विचारलं.

"झालं."

"मग आता देऊ का हितं चुना? लई वर्सं तेवढं सोडून देती मी."

मी आयुष्यभर कागदावर खोटं लिहायला कचरलो नव्हतो. पण तिच्या घरात उभं राहून मला खोटं बोलता येईना.

"मावशी," मी म्हणालो, "या कागदाचा आता काही उपयोग नाही. ते सुटले ते सुटले. हा नुसता माझ्या मनासाठी लिहिलाय."

तिने माझ्या हातातला कागद घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. अक्षराकडे मात्र बराच वेळ पाहिलं. मग परत दिला.

"मग राहू द्या," ती म्हणाली. "उपेगाचं लिवणारा कुणी यील तवर राहू द्या."

आणि वाकून तिने बादलीतला कुंचला उचलला आणि त्या तुकड्याच्या कडेने, त्याला न लावता, चुना द्यायला लागली.